बाबांची बुडी

ओल्या शेवाळाचा वास आला की मी पुन्हा आंधळगावच्या तलावाच्या पाळीवर उभी असते. पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. पाणी सोडायच्या दारात अडकलेलं लाकूड काढायला बाबांनी बुडी मारली होती. वरचं पाणी केव्हाच शांत झालं होतं.

अखेर ते वर आले. ओठ निळे, हात गारठलेले. मी घाबरून त्यांचं मनगट धरलं. एक ठोका लागला, आणि पुढचा येईचना.

डॉक्टर झालेला माझा मुलगा आता सांगतो, गार पाण्यात बुडी मारली की शरीर हातापायांचं रक्त कमी करून ते काळजाला आणि मेंदूला पुरवतं, ठोकेही मंदावतात. मला ते पटतं.

पण तेव्हा बाबा हसून म्हणाले होते, "काहून रडून राहिली वो? खाली लय बरं वाटे मले. वर यावंच वाटत नव्हतं."

त्यानंतर मी त्यांना तलावावर कधी एकटं जाऊ दिलं नाही.