सुमनची स्लाइड

लॅबमध्ये किस्से साठतात ते वाट बघण्यामुळे. रिपोर्ट येईपर्यंत माणसाला दुसरं काम काय? स्नेहलतागंजमधल्या एका लॅबचा मायक्रोस्कोप मी पुसतो, तेलपाणी करतो. शिक्षण सातवी, तीही अर्धवट. पण चिडवायला डिग्री लागत नाही. त्या सकाळी ट्रेमध्ये माझ्याच बायकोची, सुमनची स्लाइड होती. गळ्याला गाठ आलेली, सुईनं नमुना काढलेला. कॅन्सर तर नाही ना, एवढंच कळायचं होतं. सुमन बाहेर बाकावर, मी आत-बाहेर.

*

तिला आमच्या टेक्निशियनचा, राजू भियाचा, म्हणजे राजूभाऊचा, किस्सा सांगितला. मायक्रोस्कोपात सगळं उलटं. स्लाइड डावीकडे सरकवा, चित्र उजवीकडे पळतं. पहिल्या दिवशी राजू घामाघूम. मी म्हणालो, “भिया, तू उलट्या साइडनं बसलायस.” बिचारा स्टूल उचलून मशीनच्या पाठीमागे जाऊन बसला!

सुमन हसली. हसता हसता तिचा हात गाठीवर गेला. मी आत सटकलो.

*

फोकसच्या मोठ्या चक्रीनं स्लाइड भराभर वर येते, छोटीनं केसभर. मोठी लेन्स लावून मोठी चक्री फिरवली की लेन्स काचेवर आपटते, स्लाइडचा चुरा. राजूनं सुमनची स्लाइड लावली आणि हात थेट मोठ्या चक्रीवर. मी ओरडलो, “छोटी घुमा रे!”

“काका, अभी तर लहान लेन्स लावली आहे. चष्मा पुसा आपला.”

पुसला. साफच होता.

*

मग मॅडम बसल्या. आमच्या डॉक्टर, नागपूरच्या, बोलणं मोजकं. बराच वेळ डोळे लावून बघितलं आणि मला म्हणाल्या, “अण्णा, हे काही चांगलं दिसत नाही.”

मी जिथं होतो तिथंच खाली बसलो.

“लाइटचं म्हणतेय मी,” त्या म्हणाल्या. स्लाइड ठेवतात त्या स्टेजखालची उजेडाची खिडकी मीच पुसताना बंद केली होती.

*

पुढे मॅडमनी तेलाची बाटली मागितली. सगळ्यात मोठ्या लेन्सला काचेवर तेलाचा थेंब लागतो, नाहीतर उजेड वाटेत फाकतो, चित्र धूसर. बारकाईनं बघायचं असेल तेव्हाच ही लेन्स निघते.

दारातून सुमननं विचारलं, “तेल कशाला?”

“पोहे टाकतायत,” मी म्हणालो.

“मग वरून जीरावन मसाला जास्त घालायला सांगा,” ती म्हणाली आणि पदरानं गळा झाकून घेतला.

*

मॅडम फोन घ्यायला आतल्या खोलीत गेल्या. मीही चहा सांगायच्या नावाखाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. परत आलो तर मॅडम दारातच. साधी गाठ आहे म्हणाल्या, गोळ्यांनी बसेल. मी त्यांना म्हटलं, फी अर्धी करा, अर्धा जीव तर माझा गेला.

*

मग लेन्स पुसायला बसलो. सवयीनं डोळे लावले तर एकाच्या जागी दोन गोल दिसले. वरच्या दोन नळ्या ज्याच्या त्याच्या डोळ्यांच्या अंतरावर सरकवाव्या लागतात, तेव्हा एक गोल होतो. मॅडमचं अंतर चांगलं रुंद. इथं नळ्या अगदी जवळ जवळ आणलेल्या.

“राजू, कोण बसलं होतं रे इथं?”

राजूनं आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “काकू. मॅडम फोनवर होत्या ना, तेव्हा.”

“काय म्हणाली?”

“म्हणाल्या, वाईट निघालं तर अण्णांना तू नको सांगूस, मी सांगेन. सकाळपासून फार हसवतायत ते.”