कानिफनाथची फुगडी

फुगडीत छबूबाईला हरवणारी बाई खर्ड्याच्या पंचक्रोशीत अजून जन्माला यायची आहे. पण हीच छबूबाई कैक वर्षांत फुगडी खेळली नव्हती. नवरा कानिफनाथ टेम्पो चालवायचा आणि दिवस कलला की गुत्त्यावर जाऊन बसायचा. असल्या घरात गिरक्या सुचतात कुणाला?

यंदा उन्हाळ्यात तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. छबूबाईनं पिशवी भरून खुंटीला टांगली आणि तोंडावर सांगितलं, "पुन्हा थेंब जरी घेतला तुमी, तर ही पिशवी घेऊन राहुरीला माहेरी निघाले समजा. मागं वळून बघायची न्हाई." बाई बोलली म्हणजे बोलली.

दारू सुटली, पण संध्याकाळ काही सुटेना. ऊन उतरलं की कानिफनाथ ओट्यावर ठोंब्यासारखा बसायचा. "मन रमवा," केंद्रातल्या लोकांनी सांगितलं होतं. रमवा म्हणे! मन काय तान्हं पोर आहे, खुळखुळा वाजवला की रमायला? भजनाला बसवलं तर पेंगला. टीव्ही लावून दिला तर भिंतीकडं बघत राहिला. छबूबाई दारातून हलायची नाही, कारण पाय गुत्त्याकडं वळायची वेळ हीच.

एक दिवस ती वैतागली. पदर खोचून अंगणात उभी राहिली.

"उठा. हात द्या."

"कशाला?"

"फुगडी घालू."

"येडी का खुळी तू? गडीमानसानं फुगडी?"

"गडीमानसानं गटारात लोळलेलं चालतं व्हय?"

उठला बिचारा. पहिल्याच गिरकीला टोपी उडाली, मग धाप लागली, आणि मग जे हसू फुटलं ते थांबेना. छबूबाईला रडू आलं. लग्नातलं हसू होतं ते, इतकी वर्षं कुठं दडून बसलं होतं कोण जाणे.

मग रोजच फुगडी. गाव फिदीफिदी हसलं. माणूस सुधारला की गावाला करमत नाही, बघा!

एका संध्याकाळी गुत्त्यावरच्या जोडीदारानं, राधाकृष्णानं, कुंपणाबाहेरून हाक मारली. कानिफनाथचे हात सैल पडले. ऐन वेगात फुगडी सुटली. तो मातीत बसला, छबूबाई पायरीवर आदळली, कोपर फुटलं.

हळद दाबताना कानिफनाथ ढसाढसा रडला. "माझ्यापायी तू किती येळा पडली असशील गं. मला दिसलंच न्हाई."

 दुसऱ्या दिवशी तिनं फुगडीला एकच हात पुढं केला, दुसरा बांधलेला होता.

नागपंचमीला बायका छबूबाईच्या अंगणात झिम्मा-फुगडी खेळायला जमल्या. राधाकृष्ण परत आला, हातात बाटली. "सणाचं घोटभर घे की, कान्या!"

झिम्मा थांबला. छबूबाईची नजर दारातून आत, खुंटीकडं गेली.

कानिफनाथ उठला. दोन्ही हात पुढं करून म्हणाला, "आधी फुगडी. आन् दोन्ही हात दे."

बायका खिदळल्या. राधाकृष्णानं ओशाळून बाटली पायरीवर ठेवली आणि हात दिले. दोन मिशाळ गडी गरागरा फिरू लागले, बायकांनी टाळ्यांचा ताल धरला.

"सोड रं, चक्कर येतीया!"

"न्हाई सोडायचो! सोडलं की दोघं बी पडतो!"

छबूबाईनं बाटली उचलून उकिरड्यावर उपडी केली. मग आत जाऊन खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यातलं ठेवणीतलं लुगडं नेसली आणि अंगणात येऊन ओरडली, "बाजूला व्हा रं, आता माझी बारी!"