भागोजी गुरवाचं गाऱ्हाणं

"जुनी रिक्षा नवी म्हणून सांगू देवाला? माझ्या तोंडानं?" भागोजी गुरव देवळाच्या पायरीवर गरजत होता.

धाकू हातात नारळ घेऊन लाल झाला होता. "तुझं काय जातंय रे गुरवा? सासुरवाडीची माणसं आलीत, जरा मान राख."

"मान राखायला देव मोकळा नाय बसलेला."

पाण्याला निघालेल्या बायकांनी हंडे खाली ठेवले आणि भांडण नीट ऐकून घेतलं. शेवटी चारचौघांत धाकूला कबूल करावं लागलं की रिक्षा जुनी आहे. मगच भागोजीनं गाऱ्हाणं घातलं.

याला बरीच वर्षं झाली. वाडीतलं दुखणं, लग्न, म्हैस, पोराची नोकरी, सगळं देवाच्या कानात घालायचं काम भागोजीचं. त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याचा मुलगा रितेश मुंबईत जुन्या महागड्या गाड्यांच्या धंद्यात शिरला होता. शिमग्याला तो एक पिवळी गाडी घेऊन आला. बसकी, बेडकासारखी, जांभ्या दगडाच्या चढावर पोट घासत आली. आत जागा दोघांनाच.

"एवढा पैसा घातलान नि आईबापाला एकदम बसवता येत नाय," गोदा, त्याची आई, म्हणाली.

"आई, ही शर्यतीतली जात आहे. बाबा, देवाला सांगा, एकाच माणसानं वापरलेली, जपलेली गाडी आहे."

पोटच्या पोराला काय विचारायचं? भागोजीनं तसंच सांगितलं. लोक "होय महाराजा" म्हणाले. रितेशनं मोबाइलवर सगळं टिपून घेतलं. बापाला वाटलं, आठवण म्हणून.

आठवड्यानं धाकू आला आणि ओटीवर टेकला. "गुरवा, तुझं गाऱ्हाणं मोबाइलवर फिरतंय. खाली गाडी विकायची म्हणून लिहिलंय. माझ्या पोरीनं गाडीचा नंबर टाकून बघितलान. रितेश तिसरा मालक हाय."

"मग?"

"असल्या गाड्या दुकानाबाहेर पडल्या की भाव घसरायला लागतो. चार-पाच वर्षांत निम्म्याच्याही खाली. तिसऱ्या मालकाची म्हटली की गिऱ्हाईक हात लावत नाय, कारण दुरुस्ती नव्या गाडीच्याच भावानं. म्हणून तुझी जीभ लावलीन."

धाकू हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही, चहा न घेताच गेला.

भागोजी मागच्या पाखाडीनं, पायऱ्यांच्या आडवाटेनं, देवळात जायला लागला. देवाला आंघोळ घालताना त्याची नजर पायांच्या वर जाईना.

त्यानं जाब विचारला तेव्हा रितेश फोनवर म्हणाला, "सगळे असंच करतात बाबा. रविवारी मी गाडी घेऊन येतो, दापोलीचे बागायतदार बघायला येतायत. तुम्ही फक्त गप्प राहा."

रविवारी ते बागायतदार, गोपाळकृष्णपंत, देवळासमोर आले, जमलेल्या वाडीदेखत गाडीभोवती फिरले आणि भागोजीला हात जोडून म्हणाले, "कागदावर तीन नावं आहेत. वापरणारा एकच, असं तुमचा मुलगा म्हणतो. मला पटत नव्हतं. तुमचं गाऱ्हाणं ऐकलं आणि आलो."

भागोजीनं देवापुढचा नारळ उचलला. व्यवहार पक्का झाला असं समजून रितेश पुढे सरला.

"बा महाराजा, ह्या गाडीचं मी तुझ्या कानात खोटं घातलं. तीन मालकांची हाय. कोणी कशी चालवलीन, मला ठाऊक नाय. पोरानं सांगितलं, मी विचारलं नाय. माझी चूक पदरात घे."

"होय महाराजा" म्हणायला कोणाची जीभ उचलेना. पंतांनी चष्मा पुसला, "येतो" म्हणाले आणि निघाले.

"पोटावर पाय दिलात बाबा."

"दिला."

रितेश जेवायलाही थांबला नाही. उतारावर गाडीचं पोट घासलेलं घरापर्यंत ऐकू आलं. गोदा पदर तोंडाला लावून दारात उभी होती. तिच्याकडे बघायचा भागोजीला धीर झाला नाही.

तिन्हीसांज झाली तशी त्यानं तेलाची बुधली घेतली. देवळात केर काढला, समईत तेल घातलं, वात पुढे सारून पेटवली. घंटा एकदा वाजवली. दार ओढून कडी घातली आणि घरी आला.