सापातीने धरून ठेवलेली चटई

गावात सापातीला कुणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे ‘कोच’च म्हणत, बायको मेरितासुद्धा, आणि रागावली की जरा जास्तच. माणूस दारातून तिरका होऊन आत यायचा. अमेरिकेत आठ-नऊ वर्षं तो तिथला फुटबॉल खेळून पोट भरत होता, पायाने नव्हे, अंगाने भिडायचा तो. पहिल्या फळीत वाकून उभं राहायचं आणि समोरून कुणीही आलं तरी जागा सोडायची नाही, एवढंच त्याचं काम. तेवढ्यावर त्याने आईच्या घरावर नवं छप्पर घातलं, चर्चला घंटा दिली आणि डावा गुडघा कायमचा गमावला. मग आमच्या तुतुइला बेटावर परत येऊन शाळेच्या पोरांचा कोच झाला, तेव्हा प्रत्येक आईला वाटलं, आता आपलं पोरगं विमानात बसणार.

त्याच्या एका सवयीचं गावाला भारी कौतुक होतं. कुणी ‘दुखतंय’ म्हणालं की तो वाकड्या बोटांचा हात पुढे करायचा. “हे दुखलं नसेल? मी सांगितलं होतं कुणाला?” पोरं हसून मैदानात पळायची. आम्हीही हसायचो, अक्कल गहाण टाकून.

म्हाताऱ्या प्रमुखाचा, लेओतांचा नातू पेनी तर कोचचा शब्द खाली पडू देत नसे. अमेरिकेतल्या कॉलेजचा माणूस खेळाडू निवडायला आला, त्या दिवशी सामन्याच्या मध्यंतरात पोरगा जवळ आला.

“कोच, उजवा हात बधिर झालाय. मानेतून मुंग्या येताहेत.”

“वर्षभर वाट पाहिली, आणि आजच मुंग्या? त्यांना सांग, उद्या या.”

पेनी हसला. पुढच्याच भिडंतीत तो पडला तो उठलाच नाही. होनोलुलूच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला.

आणि हे पोरगं सगळ्यांना सांगत सुटलं, मीच लपवलं, कोचला काही ठाऊक नव्हतं! ते ऐकून सापाती मेल्याहून मेला. तरी गप्प बसला. चर्चमध्ये लोक त्याचा हात हातात घेऊन म्हणत, “तुझा काय दोष?” आणि तो हात सोडवून घेत नसे. या गप्प बसण्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

शेवटी त्याने इफोगा करायचं ठरवलं. ज्याच्या हातून अपराध घडला त्याने पहाटे दुखावलेल्यांच्या घरासमोर बसायचं, घराण्याची केतकीच्या पानांची मऊ चटई डोक्यावरून ओढून, मान खाली घालून, तोंडातून शब्द न काढता. सोबत भट्टीचे दगड आणि लाकडं न्यायची, म्हणजे हवं तर आम्हाला भाजा. घरच्यांनी चटई उचलली की संपलं. तो विषय पुन्हा कुणी काढायचा नाही, कधीच नाही.

“पोरानं लपवलं ना? मग कशाचा इफोगा, कोच?” मेरिताने विचारलं.

“माझ्या टीममध्ये पडला म्हणून.”

तिलाही त्याने खरं सांगितलं नाही. न बोलता माफी मिळत असेल तर बोलायचं कशाला, असा त्याचा सरळ विचार होता.

उजाडताना सापातीच्या चुलत्यांनी लेओतांच्या घरासमोर दगड मांडले. चटईखाली अंधार होता, शेजारी मेरिताचा श्वास. दुपारपर्यंत तरी बसावं लागेल, असं सापातीला वाटलं होतं. पण लेओता धावतच बाहेर आले.

“अरे अरे, ऊठ बाबा! तू कशाला बसलास धुळीत? आमच्याच कार्ट्यानं तुझ्यापासून लपवलं, पाहुण्यासमोर तुला मान खाली घालायला लावली. लाज आम्हाला वाटायला हवी. आता धाकट्या नातवाला घे हाताखाली.”

म्हाताऱ्याची बोटं चटईच्या कडेला लागली. सापातीने आतून दोन्ही मुठींनी चटई घट्ट धरली.

“उचलू नका.”

“वेड लागलं का?” मेरिता कुजबुजली. “इथं बोलतात का कुणी?”

“पेनीनं मला सांगितलं होतं,” तो मोठ्याने म्हणाला. “हात बधिर झालाय म्हणाला होता. मी थट्टा केली आणि परत खेळायला पाठवला.”

बोटं निघून गेली. मग पावलंही. घरात पेनीची आई हंबरडा फोडून रडायला लागली. चटईखाली सरकायला जागा नव्हती, तरी मेरिता त्याच्यापासून सरकली.

ऊन चढलं, गाव जमलं. “दगड आणलेच आहेत, तापवा की!” कुणीतरी ओरडलं. बरोबर बोलतोय, असं सापातीला वाटलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा जवळ पावलं थांबली. चटईचा एक कोपरा हलला.

“उठा, कोच.”

“घरात जा, पेनी. हे तुझ्या आजोबांनी ठरवायचं.”

“त्यांनीच पाठवलंय. म्हणाले, हात तुझा गेला, माफी पण तूच द्यायची. नाहीतर राहू दे.”

“नको रे. माझं तोंड बघू नकोस. मला लाज वाटते.”

पेनीने पुन्हा ओढलं. चटई एका बाजूने जराशी उठली आणि पडली. सापातीने मुठी आणखी आवळल्या. जागा सोडायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

“सोडा ना, कोच,” पोरगं रडकुंडीला आलं. “मला एकाच हातानं उचलायचीय.”

सापातीने मुठी उघडल्या.