दहा टक्क्यांवर

कारखान्यात ताईला सगळे ‘आजीबाई’ म्हणत. वय जेमतेम चाळीस, पण फायबर लेसरचं नवं मशीन आखायला घेतलं, की आत प्रकाश सोडणारा पंप डायोड किती तरंगलांबीचा, यावर तिचं एकच पालुपद, “नऊशे पंधरा.”

“अगं, नऊशे शहात्तर नॅनोमीटरचा प्रकाश फायबर तिप्पट शोषतो!” मालक वैतागले. “फायबर आखूड, पेटी लहान, वीज कमी. आणखी काय हवं तुला?”

“शोषतो, पण नेमका शहात्तरलाच. डायोड जरा गार पडला, की प्रकाश अलीकडे सरकतो आणि फायबर त्याला ओळखसुद्धा दाखवत नाही. पंधराचे असले नखरे नाहीत.”

“पाणी फिरवून तापमान सांभाळू की!”

“घाबरतेस काय, आजीबाई?” तिचा धाकटा भाऊ हसला. फायबर जोडायच्या कामावर तिनेच त्याला चिकटवलं होतं. “तुझ्या नखरेल डायोडचे लाड मी पुरवतो.”

शेवटी ती हो म्हणाली. पूर्ण ताकदीवर मशीनने लोणी कापावं तसं पोलाद कापलं. मालकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

पंधराच्या डायोडच्या काळापासून तिथे एक रीत होती. फायबरला तडा आहे का बघायचं, तर डायोड दहा टक्क्यांवर ठेवायचा. फायबर अंधुक हिरवट उजळतो, तडा असेल तिथे ठिपका दिसतो. एवढ्यावर लेसर पेटत नाही, आणि आत सोडलेला प्रकाश लांबलचक फायबर वाटेतच पिऊन टाकतो. म्हणून संरक्षक चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला.

त्या दुपारी भाऊ नव्या मशीनच्या फायबरचं टोक बघत होता. ताई पलीकडच्या टेबलावर.

“कितीवर आहे रे?”

“दहाच टक्के गं.”

“मग बघ.”

म्हणाली आणि हातातलं काम टाकून उठली. दहा टक्क्यांवर डायोड तापतच नाही. म्हणजे प्रकाश सरकलेला. फायबर आखूड. न दिसणारा सगळा प्रकाश टोकातून बाहेर, थेट भिंगात.

“डोकं मागे घे!” तिने धावत जाऊन बटण दाबलं.

“ओरडतेस काय? काही दिसलंसुद्धा नाही.” त्याने डोळे चोळले. मग थांबला. “ताई, दिवा मधोमध काळा पडलाय का?”

उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध जळाला होता. नजर परत येईल का, असं तिने विचारलं, तर डॉक्टर नाही म्हणाले.

घरी त्याने डावा डोळा हाताने झाकला आणि तिच्याकडे पाहिलं.

“तुझे कानातले दिसतात. केस दिसतात. मध्ये तूच नाहीस.”

तिने खुर्ची जरा बाजूला सरकवली.

“नको सरकूस. मी बघीन तिथेच काळं पडतं.” त्याने डाव्या डोळ्यावरचा हात तसाच ठेवला. “फायबरची टोकं आता कोण जुळवू देणार मला? पण ताई, तू विचारलंस, मी सांगितलं. रीतीप्रमाणेच केलं ना आपण?”

“रीतीप्रमाणेच केलं,” ताई म्हणाली. डायोड बदलला तेव्हा रीतही तिनेच बदलायला हवी होती, हे त्याला अजून सुचलं नव्हतं. सुचेल तेव्हा तो हात काढून चांगल्या डोळ्याने तिच्याकडे बघेल, म्हणून ती तिथेच बसून राहिली.