खांद्यावरची पट्टी

गल्लीत तिला सगळे पार्लरवाली म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत खुर्ची, बेसिन आणि आरसा. मागच्या खोलीत आईचा पलंग. आरसा तिने मुद्दाम जरा तिरका लावला होता. गिऱ्हाइकाचे केस कापता कापता आईवर नजर राहायची.

आईचा कॅन्सर हाडांत उतरला होता. आयुष्यभर टेलिफोन ऑफिसात अनोळखी माणसांशी बोललेली ही बाई आता कुशीवर वळतानाही ओठ घट्ट मिटून घ्यायची. गोळ्या पोटात ठरेनात, तेव्हा डॉक्टरांनी वेदनेवरची पट्टी दिली. खांद्यावर चिकटवायची, आतलं मॉर्फिनसारखं औषध कातडीतून हळूहळू झिरपत राहतं. पट्टीमुळे आई पुन्हा माणसांत आली. "हात जड झालाय तुझा, टक्कल पाडशील कुणाचं तरी," असं पलंगावरून सुनावण्याइतकी.

त्या दिवशी सकाळी नवी पट्टी लावताना बोटांना थोडं चिकट लागलं. गोंद असेल, असं म्हणून तिने हात पुसले आणि दुकान उघडलं.

दुपारी शाळेतल्या एक बाई खुर्चीत होत्या. आतून आईचं घोरणं ऐकू येत होतं. "चांगली झोप लागलीय," बाई म्हणाल्या. तिलाही हायसं वाटत होतं. मग घोरणं थांबलं. आता सुरू होईल, आता होईल, म्हणून ती कात्री धरून उभी राहिली. एक घरघरता श्वास आला आणि पुन्हा सगळं शांत.

ती आत धावली. आईचे ओठ निळसर पडले होते. पापणी उचलली, तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"आई, श्वास घे. ए आई, ऐकतेयस ना? घे श्वास."

सांगितलं की आई एक श्वास घ्यायची आणि पुढचा घ्यायचं विसरून जायची. खांद्याला हात लागला तो ओला, बुळबुळीत. पट्टीची कड उसवली होती आणि औषध सगळं एकदम कातडीवर आलं होतं. तिने पट्टी ओरबाडून काढली.

बाई अर्धे कापलेले केस आणि गळ्याभोवतीचं कापड तसंच घेऊन फोनवर अँब्युलन्सवाल्यांशी बोलत होत्या. "साबण नको म्हणतायत, नुसत्या पाण्याने खांदा धू. आधी स्वतःचे हात धू. आणि त्यांना हाका मारत राहा."

हात धुताना तिचं डोकं हलकं झालं. घाबरल्यामुळे की औषधामुळे, ते कळेना. हाका मात्र तिने थांबवल्या नाहीत.

हॉस्पिटलात उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि आईने डोळे उघडले. तिच्याबरोबर दुखणंही जागं झालं. "कशाला उठवलंस गं?" आई कळवळून म्हणाली. ते वाक्य तिच्या काळजात रुतलं.

"इंजेक्शनचा अंमल लवकर ओसरतो, कातडीतलं औषध मात्र उरतं," डॉक्टर म्हणाल्या. "इथेच लक्ष ठेवू."

"मला सकाळीच चिकट लागलं होतं."

"पट्टीच सदोष होती. चिकट लागली तर लावू नका, हे आम्ही सांगायला हवं होतं."

घरी आल्यावर औषधवाल्याचा फोन आला. कंपनीने त्या खेपेच्या पट्ट्या परत मागवल्या होत्या. "आणखी कुणाला झालं का असं?" तिने विचारलं. त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या बनावटीच्या पट्ट्या आल्या. पाकीट हातात घेऊन ती नुसतीच बसली.

"लाव," आई म्हणाली.

"भीती वाटते गं."

"मलाही वाटते. पण दुखणं सोसवत नाही. लाव."

केस रंगवायचे हातमोजे घालून तिने पट्टी खिडकीपाशी धरली, उजेडात चारही कडा पाहिल्या आणि लावली. त्या दिवशी तिने एकही गिऱ्हाईक घेतलं नाही.

"दुकान बंद ठेवून काय बघत बसलीयस?"

"तुझा श्वास."

"बघ बाई. चालू आहे."

आई त्यानंतर हिवाळाभर होती. गेली ती आजारानेच. कुणी विचारलं की पार्लरवाली आजही जोर देऊन सांगते: आजारानेच.