फॉन्टचं नाव

रविवार, २३ नोव्हेंबर. बेलवली, पुतणीची हळद. हजर: सासूबाई, नवरा, मी आणि निम्मी आळी.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही.

मांडवाच्या दारात बॅनर होता, ‘हळदी समारंभ’. अक्षरं सासूबाईंच्या हातची. येईल त्याला थांबवून त्या सांगत होत्या, “ही माजे नावाची अक्षरा.” मी खुर्च्या मोजत राहिले. खुर्च्या मोजणं सोपं असतं.

कॅम्प दोनच्या बाजारात माझं बॅनर-पत्रिकांचं दुकान आहे. बारवी रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याला चुलीवरच्या कोंबडीसाठी गावाकडची वाटतील अशी अक्षरं हवी होती. सासूबाई तांदळाच्या पिठात काडी बुडवून भिंतीवर नावं काढायच्या — उतारवयात, माझ्यासमोर शिकलेली अक्षरं. शिरोरेषेला वाळत घातलेल्या लुगड्यासारखा झोळ. मी कागद पुढे केले. बोलताना त्या हळदीला हलद म्हणतात, पण ळ काढला तो असा — दोन गुबगुबीत पोरी गळ्यात गळे घालून बसल्यात. आम्ही दोघी हसलो. मी सगळी अक्षरं संगणकात घेतली, फॉन्ट झाला.

मग संगणकाने नाव विचारलं. मला विचार करावा लागला का? नाही — तेच तर. लग्न होऊन आले तेव्हापासून मनातल्या मनात त्यांना जे म्हणत होते, तेच टाईप केलं. गावंढळ.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, “नाव काय ठेवलास त्याचा?”

“तुमचंच, आई. अनसूया.”

त्यांनी आळीभर गूळ वाटला.

आता तो फॉन्ट शिवमंदिराजवळच्या नारळाच्या टपरीवर आहे, खानावळींवर आहे, अंबरनाथ-बदलापुरातल्या कितीतरी हळदींवर आहे. इतर दुकानांना मीच दिला. शेजारचा सिंधी दुकानदार हाक मारून विचारतो, “भाभी, इसमें गावंढळ लगा दूँ?” मी हो म्हणते. सासूबाईंना मनात तसं म्हणणं माझं कधी थांबलं, आठवत नाही. बाजाराचं कुठे थांबलंय?

आज पाहुणे गेल्यावर त्या म्हणाल्या, “मंगलवारी मना दुकानान ने गं. माजा नाव बगाचा हाय.” मी हो म्हटलं. त्यांना वाचता येतं.

खुर्च्या परत गेल्या, भांडी लागली. बॅनर गुंडाळून त्यांनी उशाशी घेतलाय. माझ्या संगणकातलं नाव बदलायला मिनिटही लागणार नाही. बाकी दुकानांत जाऊन सांगावं लागेल — नाव बदला, आणि ते मी मुळात कुणाला ठेवलं होतं. आणि त्यांना सांगायचं. ते राहिलंय.